काळी माती, अर्धा मुरूम: हिवाळी भाजीसाठी वाफे आत्ता कसे तयार करावेत?

बेसा_अंगण

नमस्कार मंडळी. नागपूरच्या बेसा भागात घरामागे १० × १२ फुटांची मोकळी जागा आहे. भिंतीकडच्या अर्ध्या भागात काळी माती, दाराकडच्या अर्ध्यात बांधकामाच्या वेळचा मुरूम. त्यात विटांचे तुकडे, प्लास्टरचे खपले. पावसाळाभर गाजर गवत, हरळी आणि लव्हाळा माजला होता. वरचं उपटलंय, मुळं आतच आहेत. पाऊस उघडून चार दिवस झाले. वरून माती वाळलेली दिसते, पण टिकास (कुदळ) मारली की आतली माती पात्याला लपेटून येते.

हिवाळ्यात मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर), गाजर, फुलकोबी, वाटाणा आणि चार-सहा वांगी-टमाटर लावायचे आहेत. खोदायचं कधी आणि किती खोल? शेणखत किती? व्हिडिओंमध्ये जो तो "आधी चुना टाका" सांगतो, तो किती टाकायचा? माती भुसभुशीत करायला कन्हान नदीची रेती मिसळू का? आणि तण मारायला आत्ताच प्लास्टिक अंथरून माती तापवली तर चालेल का?

वाफसा

माती पात्याला लपेटते आहे तोवर टिकास बाजूला ठेवा. बाकी सगळं नंतर.

काळ्या मातीत चिकणकण निम्म्याच्या आसपास असतात आणि तेही फुगणाऱ्या जातीचे. ओल्या मातीत पातं घुसलं की ते कण एकमेकांवर चोपडले जातात, मधली हवेची जागा बुजते. वर ऑक्टोबरचं ऊन लागलं की त्याचीच वीट होते. शिवाय पातं जिथपर्यंत गेलं तिथे खाली एक गुळगुळीत, गच्च थर बसतो. गाजर त्या थराला टेकलं की आडवं वळतं आणि पाणी त्याच्यावर साचून राहतं. घाईच्या एका दिवसाची ही भरपाई अख्खा हंगाम करावी लागते.

वाफसा म्हणजे माती ओलसर, पण न चिकटता मोकळी होणारी. तो आला की नाही ते असं बघा. वरची वाळलेली माती बाजूला सारून ४-५ इंच खालची मूठभर माती घ्या, लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाका. चपटा होऊन चिकटला तर थांबा. तीन-चार तुकडे होऊन भुगा सुटला तर वाफसा आला, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी काम उरका. लाडू वळतच नसेल तर उशीर झाला. मग हलकं पाणी देऊन दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघायचं. नागपुरात पाऊस गेल्यावर उघड्या काळ्या मातीला वाफसा यायला साधारण आठवडा जातो, सावलीतल्या कोपऱ्याला आणखी दोन-चार दिवस. म्हणून सगळी जागा एकाच दिवशी खोदायचा हट्ट नको.

तोवर दोन कामं करून ठेवा.

पहिलं, निचरा तपासा. एक फूट खोल, एक फूट रुंद खड्डा घ्या, पाणी भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला किती उतरतं ते पट्टीने मोजा. एक इंचापेक्षा कमी उतरलं तर सपाट वाफा विसरा, गादीवाफाच (जमिनीपेक्षा उंच वाफा) लागेल. काळ्या मातीत बहुतेक तसंच निघतं.

दुसरं, भिंत कोणत्या दिशेला आहे ते बघा. डिसेंबरच्या शेवटी नागपुरात भर दुपारीही सूर्य जेमतेम ४५ अंश वर येतो. म्हणजे दक्षिणेला ६ फुटी भिंत असेल तर दुपारची सावलीही ६ फूट पडते आणि तुमची काळ्या मातीची पट्टी ऐन हिवाळ्यात अंधारात जाते. भिंत उत्तरेला असेल तर चिंता नाही, उलट ती दिवसाची ऊब धरून ठेवते.

वाफशावर आल्यानंतर: तुमची काळी पट्टी १० × ६ फुटांची आहे. भिंतीलगत दीड फूट वाट सोडा, मग ३ फुटांचा वाफा, मग पुन्हा दीड फूट वाट. दोन्हीकडून हात पोहोचतो, वाफ्यात पाय ठेवायची वेळ येत नाही. वाफ्याची जागा ९ इंच खणा, गाजराच्या टोकाला १ फूट. खालची पांढुरकी, खड्याखड्यांची माती लागली तर ती वर आणू नका. वाटांमधली वरची ४ इंच चांगली माती उचलून वाफ्यावर टाका. खणलेली माती फुगते ती धरून वाफा आपोआप ६-७ इंच उंच होतो.

खत या ३० चौरस फुटांच्या वाफ्यापुरतं सांगतो: पूर्ण कुजलेलं शेणखत दोन भरली घमेली, म्हणजे २० किलोच्या आसपास. पुढच्या हंगामापासून एक घमेलं पुरे. निंबोळी पेंड ३०० ग्रॅम. सिंगल सुपर फॉस्फेट १०० ग्रॅम, आणि ते शेणखतात कालवून टाकायचं, कारण आपल्या चुनखडीच्या मातीत सुटं फॉस्फेट लवकर बांधलं जातं. पोटॅश आपल्या काळ्या मातीत सहसा भरपूर असतं, चाचणीशिवाय विकत घेऊ नका. हे सगळं वरच्या ६ इंचांतच मिसळा, खड्ड्याच्या तळाला पुरू नका. भाजीची खाणारी मुळं वरच असतात.

गाजर-मुळ्याच्या भागात मात्र या हंगामात नवं शेणखत अर्धंच, तेही चाळून. जास्त खताने आणि अर्धवट कुजलेल्या गोळ्यांनी गाजराला फाटे फुटतात.

सामू_आठ

वाफसा यांनी चुन्याचा मुद्दा सोडला, तो मी घेतो. चुना शून्य. चिमूटभरही नाही.

चुना आम्ल मातीला लागतो. कोकणातल्या जांभ्या मातीत, केरळात, आसामात, थंड परदेशात तो सल्ला बरोबर आहे. नागपूरच्या काळ्या मातीचा सामू (पीएच) साधारण ७.५ ते ८.५, आणि तिच्यात मुळातच चुनखडी असते. खात्री हवी असेल तर वाळलेल्या चमचाभर मातीवर पांढरं व्हिनेगर टाका, नाहीतर लिंबू पिळा. फसफसलं तर चुना मोकळ्या रूपात हजर आहे. अशा मातीत आणखी चुना टाकला की लोह आणि जस्त असूनही मुळांना मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी त्यालाच केवडा म्हणतात. मग लोक पिवळेपणा बघून युरिया टाकत सुटतात. नत्राच्या कमतरतेत जुनी, खालची पानं आधी पिवळी होतात, लोहाच्या कमतरतेत शेंड्याची. एवढं ओळखता आलं तरी निम्मा युरिया वाचेल.

केवडा दिसलाच तर फेरस सल्फेट मातीत घालून उपयोग नाही, दोन दिवसांत बांधलं जातं. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर फवारा, आठवड्याने पुन्हा एकदा.

चुलीची राख आणि प्लास्टरचे खपले हेही चुन्याचेच भाऊ. खपले हाताने वेचून काढा. कोराडी-खापरखेड्याकडची वीज केंद्रांची राख कोणी फुकट देत असेल तरी खायच्या भाजीच्या वाफ्यात नको, तिच्यात जड धातू असू शकतात.

जिप्सम म्हणजे चुना नव्हे. ते सोडियमने बिघडलेल्या, चोपण जमिनीचं औषध आहे. सामू ८.५ च्या वर, पाणी वर साचून गढूळच राहतं, वाळल्यावर कडक पापुद्रा, अशी लक्षणं असतील आणि चाचणीत सोडियम निघालं तरच. नुसती माती चिकट आहे म्हणून जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. बाग वर्षानुवर्षं बोअरच्या खाऱ्या पाण्यावर असेल तर मात्र चाचणी कराच.

चाचणीचा नमुना खत टाकायच्या आधी घ्या. पाच-सहा ठिकाणी इंग्रजी व्हीच्या आकाराचा ६-८ इंच खोल खड्डा, त्याच्या बाजूची बोटभर जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची. सगळी एकत्र करून सावलीत वाळवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले मिसळून पुन्हा तसंच, अर्धा किलो उरेपर्यंत. काळी आणि मुरमाची बाजू एकत्र करू नका, दोन वेगळ्या पिशव्या. कृषी खात्याच्या जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या. (देशभरच्या मातीचे नकाशे करणारी राष्ट्रीय संस्था आपल्याच अमरावती रोडवर आहे खरी, पण घमेलंभर मातीसाठी तिकडे जायचं काम नाही.) अहवालात आधी तीन आकडे बघा: सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर बाकीच्या खतांची चर्चा नंतर, आधी शेणखत आणि पालापाचोळा. जस्त कमी निघालं तर या वाफ्याला ७-८ ग्रॅम झिंक सल्फेट पुरे. ते सुपर फॉस्फेटमध्ये कालवू नका, आठ दिवसांचं अंतर ठेवा.

खुरपं

रेतीचं मी सांगतो भाऊ. नका टाकू. चिकणमातीचा पोत रेतीने बदलायचा तर जवळजवळ निम्मी रेती लागते. १० × ६ च्या पट्टीत १ फूट खोलीला ६० घनफूट माती, म्हणजे २५-३० घनफूट रेती. एवढी कोणी टाकत नाही. लोक चार घमेली टाकतात, चिकणकण त्या रेतीभोवती घट्ट बसतात आणि उन्हाळ्यात खोदायला सब्बल (पहार) लागते. त्याच पैशात शेणखत आणा.

प्लास्टिक अंथरणं हे मे महिन्याचं काम. पारा ४४-४५ ला असतो तेव्हा पारदर्शक २५ मायक्रॉनचं प्लास्टिक, खाली ओली माती, कडा मातीने बंद, ४ ते ६ आठवडे. आत्ता कमाल ३३-३४ अंश, त्यात दिवस लहान होत चालले. प्लास्टिकखाली तण मरायचं सोडून लुसलुशीत वाढते. वर तुमची पेरणीची वेळही निघून जाईल.

तणाचे तीन प्रकार तीन रीतीने काढा. गाजर गवत सोपं आहे, फूल यायच्या आधी उपटलं तर कंपोस्टातही चालतं. फूल दिसत असेल तर कंपोस्टात नको, आणि उपटताना हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते. हरळीच्या कांड्या वाफशावर दाताळ्याने ओढून फरशीवर आठ दिवस कडक वाळवा. लव्हाळा खरा वैरी. त्याच्या गाठी साखळीसारख्या जोडलेल्या असतात. टिकाशीने साखळी तोडली की सुटी झालेली एकेक गाठ नवीन झाड देते. काटेरी फावड्याने माती उचलून सैल करा आणि गाठी हाताने वेचा. वेळखाऊ काम आहे, पण दुसरा उपाय नाही. पॉवर टिलरवाला आणाल तर पूर्ण वाफ्यात लव्हाळ्याची पेरणी करून जाईल.

राहिलेल्या तणाला फसवा. वाफा पूर्ण तयार करा, पाणी द्या आणि ८-१० दिवस काहीच पेरू नका. वरच्या थरातलं तण उगवते. ते दोन पानांवर असताना खुरप्याने अर्धा-एक इंचच खरवडा. खोल गेलात की खालचं बी वर येते आणि सगळी मेहनत वाया. त्यानंतर मेथी-सांबार फेका, निंदण निम्म्यावर येईल.

आणि शेणखत विकणारा "जुनं आहे" म्हणते तेवढ्यावर जाऊ नका. हातात घ्या. शेणाचा वास, आत गरमपणा, न कुजलेलं गवत, पांढऱ्या गबदुल अळ्या दिसल्या तर परत पाठवा. त्या अळ्या हुमणीच्या असू शकतात. कच्च्या खतामागून वाळवीही येते. शंका असेल तर डब्यात खत आणि माती समसमान घेऊन मेथीचे वीस दाणे टाका. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत पंधरा-सोळा उगवून पानं हिरवी असली तर खत चांगलं.

झेंडू_पिवळा

दसऱ्यासाठी लावलेल्या झेंडूची झाडं वाफ्यात कापून मिसळली तर सूत्रकृमी जातात असं ऐकलं. खरं आहे का? आणि सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) आत्ता स्वस्त मिळतं, ते मातीत मिसळू का?

वाफसा

झेंडूचा परिणाम जिवंत मुळांचा असतो. त्याच जागेत दोन-अडीच महिने दाट झेंडू उभा असेल तर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींची संख्या घटते. दुसरीकडची झाडं कापून टाकलीत तर ते नुसतं हिरवळीचं खत. वाफ्यातच झेंडू असेल तर उपटू नका, जमिनीलगत कापा आणि मुळं आत कुजू द्या.

कुटार मातीत मिसळू नका, वर अंथरा. कच्चा काडीकचरा मातीत गेला की तो कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र उचलतात आणि तुमचा पालक महिनाभर पिवळा राहतो. आच्छादन म्हणून मात्र ते सोनं आहे. रोपं ४ इंचांची झाली की २ इंच जाड थर, खोडापासून दोन बोटं दूर. काळ्या मातीत याचा मोठा फायदा म्हणजे भेगा कमी पडतात. नोव्हेंबरात माती वाळून आकसते, भेगेबरोबर बारीक मुळं तुटतात, आणि पुढचं पाणी भेगेतून सरळ खाली निघून जातं. कुटार नसेल तर भंडाऱ्याकडचं धानाचं तणस चालेल.

एक बारकावा: आच्छादन रात्रीच्या वेळी जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंश नोंदले गेले होते. तशी लाट येणार असेल तर टमाटर-वांग्याच्या बुडाचं तणस दिवसा बाजूला सारा, ऊन मातीला लागू द्या, दुपारनंतर पाणी द्या आणि सूर्य मावळायच्या आत वरून जुनं धोतर किंवा साडी काठ्यांवर ताणा. ओली माती कोरडीपेक्षा जास्त उष्णता साठवते. मेथी, पालक, वाटाणा, कोबीला यातलं काही लागत नाही.

गच्चीवरची

कुंड्यावाल्यांसाठी दोन ओळी. पावसाळ्यातली माती फेकू नका. कुंडी उपडी करा, मुळांचा जाळीदार गोळा काढा, माती ताडपत्रीवर पसरून चार-पाच दिवस ऑक्टोबरच्या उन्हात उलटसुलट करा. मग जुनी माती ५ भाग, गांडूळखत ३, कोकोपीट २, आणि १० लिटर मिश्रणाला मूठभर निंबोळी पेंड. बुडाशी गिट्टीचा (खडीचा) थर घालायची सवय मोडा. बारीक माती पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खालच्या जाड थरात उतरत नाही, म्हणजे चिखल उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर एक खापरी ठेवली की झालं. ज्या कुंडीत वांगं किंवा टमाटर मर लागून गेलं, तिची माती पुन्हा त्याच जातीच्या झाडाला नको. मिरचीलाही नको. मेथी टाका.

बेसा_अंगण

सगळ्यांचे आभार. भिंत उत्तरेला आहे, सुटलो. व्हिनेगर टाकलं तर चांगलंच फसफसलं, चुना रद्द. आता दोन अडचणी. एक, तुमचे प्रतिसाद यायच्या आधीच एका कोपऱ्यात ४ × ३ फूट खोदून बसलो होतो. तिथे नारळाएवढी ढेकळं झाली आहेत, हातोड्यानेही फुटत नाहीत. दोन, मुरमाच्या अर्ध्या भागाचं काय करू?

वाफसा

ढेकळं हातोड्याने फोडू नका, पीठ आणि दगड एवढंच मिळेल. चार-पाच दिवस कडक उन्हात वाळू द्या. पूर्ण वाळलेल्या ढेकळांवर संध्याकाळी झारीने हलकं पाणी द्या, फक्त वरचा भाग भिजेल इतकं. कोरडी चिकणमाती पाणी पिताना एकसारखी फुगत नाही, आत अडकलेली हवा बाहेर ढकलली जाते आणि ढेकूळ आपोआप उलतं. दुसऱ्या दिवशी दुपारी फावड्याच्या पाठीने टपली मारली की भुगा. दोन किंवा तीन वेळा करावं लागेल. नळी सोडून डबकं केलंत तर पुन्हा पहिल्या दिवसावर याल.

मुरमात खत मिसळून भाजी होत नाही, त्यात पाणी आणि खत दोन्ही टिकत नाही. तिथे विटा रचून ३ × १० फुटांचा, पाऊण फूट उंचीचा वाफा करा. आतली जागा साडेबावीस घनफूट. माती बसते म्हणून २८ घनफूट भरती धरा: २० घनफूट काळी माती, ८ घनफूट शेणखत. ब्रास १०० घनफुटांचा असतो, त्यामुळे पाव ब्रासला ट्रॉलीवाला येणार नाही. शेजाऱ्यांत वाटून मागवा. माती उतरवण्याआधी ढेकूळ फोडून बघा: चाळीस ठिकाणी पांढरे खडे असतील किंवा पायवाटेची, डिझेलच्या वासाची माती असेल तर परत.

माती टाकायच्या आधी खालचा मुरूम सब्बलीने ४-५ इंच उकरा आणि पहिली दोन घमेली काळी माती त्यातच कालवा. वर काळी, खाली मुरूम असा सरळ सांधा राहिला तर गच्चीवरची ताईंनी कुंडीचं सांगितलं तेच इथेही होतं, पाणी सांध्यावर अडतं.

या वाफ्यात या वर्षी मेथी, सांबार, पालक घ्या. माती बसायला वेळ मिळतो. फुलकोबी, वांगी, टमाटर काळ्या वाफ्यात. रोपं लावायच्या जागेसाठी आत्ताच ५ किलो शेणखतात २५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (मर रोखणारी उपयोगी बुरशी) कालवून, ओलसर करून, गोणपाटाखाली सावलीत आठ दिवस ठेवा. मग प्रत्येक खड्ड्यात दोन मुठी. त्याच्यासोबत बुरशीनाशक ओतू नका, ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच आहे.

खुरपं

आणि वाटाणा-गाजराची घाई नका करू भाऊ. दुपार ३० च्या वर असेपर्यंत वाटाणा नीट उगवत नाही. मेथी-सांबार आधी टाका. वाटाणा, गाजर दिवाळीच्या आगेमागे, रात्री पांघरूण लागायला लागलं की.